पैसा खर्च झाला, पण उपयोग झाला का?

समजा, आपल्या शाळेला थोडे पैसे मिळाले. त्यांतून पुस्तके घ्यावीत, की मागे पडलेल्या मुलांसाठी जादा वर्ग काढावेत? दोन्ही करण्याइतके पैसे नाहीत. साधने मोजकी आणि गरजा अनेक, अशा वेळी निवड कशी होते आणि कशी व्हावी, हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न आहे.

एखाद्या कुटुंबाच्या किंवा कारखान्याच्या निवडीचा अभ्यास अंशलक्षी अर्थशास्त्र करते, तर देशाचे उत्पन्न, महागाई, बेकारी यांचा समग्रलक्षी. शिवाय शेती, श्रम, व्यापार, आरोग्य, शिक्षण अशा क्षेत्रांच्या वेगळ्या शाखा आहेत. पण शाखा कोणतीही असो, संशोधकापुढे एक अडचण हटकून येते : परिणाम ओळखायचा कसा?

जादा वर्ग घेतले आणि मुलांचे गुण वाढले. ते वर्गांमुळेच वाढले का? वर्षभरात मुले मोठीही झालीच की! वर्ग न घेतलेल्या शेजारच्या शाळेशी तुलना करावी, तर तिथली मुले, शिक्षक, वस्ती सारेच वेगळे. प्रयोगशाळेत दोन परीक्षानळ्यांत एकच द्रावण घेऊन एकीतच आम्ल टाकता येते. माणसांच्या बाबतीत अशा दोन सारख्या नळ्या कुठून आणायच्या?

शेतीच्या प्रयोगांत यावर उपाय निघाला होता. १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी दाखवून दिले, की कोणत्या वाफ्याला कोणते खत हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निव्वळ योगायोगावर सोपवावे. वाफे पुरेसे असतील, तर जमिनीतला बरेवाईटपणा दोन्ही गटांत जवळजवळ सारखा वाटला जातो. मग उरलेला मोठा फरक खताचाच.

हीच युक्ती अर्थशास्त्रज्ञांनी शाळांना लावली. १९९०च्या दशकात मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनियातील काही शाळांना सोडतीने निवडून पाठ्यपुस्तके पुरवली. सरासरी गुण वाढलेच नाहीत! फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तके इंग्रजीत होती आणि अनेक मुलांची ती तिसरी भाषा होती.

दुसरा प्रयोग आपल्या जवळचा. २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथे 'प्रथम' संस्थेच्या बालसखी उपक्रमाची पारख झाली. वस्तीतलीच एक तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन व अंकगणिताच्या मूलभूत गोष्टी शिकवी. वडोदऱ्यात सोडतीने काही शाळांना तिसरीसाठी बालसखी मिळाली, तर इतरांना चौथीसाठी. त्यामुळे तिसरीची तुलना तिसरीशी झाली आणि कोणतीही शाळा रिकाम्या हाती राहिली नाही.

गुण पहिल्या वर्षी सरासरी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. वाढ मुख्यतः मागे पडलेल्या मुलांची होती. त्या दोन तासांत मूळ वर्गातली गर्दी कमी होई, पण तिथे उरलेल्या मुलांच्या गुणांत मात्र वाढ आढळली नाही. म्हणजे केवळ पट कमी होणे पुरेसे नव्हते. मूल जिथे आहे तिथून शिकवणे महत्त्वाचे ठरले. मात्र उपक्रम संपल्यावर वर्षभराने हा फायदा ०.१पर्यंत ओसरला, हेही नोंदवायला हवे.

या अभ्यासातील अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांना क्रेमर यांच्यासह २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. अर्थात, सोडतीला मर्यादा आहेत. देशाचा व्याजदर काही चिठ्ठी टाकून ठरवता येत नाही. तिथे आकडेवारी आणि सिद्धांत यांवरच भिस्त ठेवावी लागते.

सोडतीची ताकद वर्गात सहज पाहता येईल. चाळीस मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या करा, त्यांतल्या वीस उचला आणि दोन्ही गटांची सरासरी उंची काढा. मग पुढच्या आणि मागच्या बाकांवरचे गट करून तेच पाहा. कोणत्या जोडीत फरक कमी आला? हे दोनतीनदा करून झाले, की मुलांना विचारा : "अमुक योजनेमुळे गुण वाढले" असे कोणी म्हणाले, तर आपण पहिला प्रश्न कोणता विचारायचा? "कोणाच्या तुलनेत?" हे उत्तर त्यांच्याकडूनच येईल, असे आम्हांला वाटते.