गाई मेनी, दूध मच!

१७०० गाई आणि १० हत्ती! एवढी दक्षिणा कुणी दिली असेल?

जुन्नरहून कोकणात उतरणारी नाणेघाटाची जुनी वाट आहे ना, तिच्या माथ्यावर एक लेणं आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लांबलचक लेख कोरलाय, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा किती दिली, याचा तो हिशेबच म्हणा. आणि गंमत अशी, की या हिशेबात शून्यच नाही! २४,४०० कार्षापण नाणी लिहायची, तर आधी वीस हजाराचं चिन्ह, मग चार हजाराचं, मग चारशेचं. झालं काम.

आता हाच हिशेब इंग्रजीत विचारून बघा. हाउ मेनी की हाउ मच? इंग्रजी आधी एकच चौकशी करते : वस्तू एक, दोन, तीन अशी मोजता येते का? गाई येतात, हत्ती येतात, म्हणून मेनी. पण त्या सतराशे गाईंचं दूध? 'एक दूध, दोन दूध' असं कुणी मोजत नाही. म्हणून मच.

मेनी-मचचा तक्ता पाठ करायची गरज नाही, कारण हे काम तुम्ही मराठीत रोज करता. 'पुष्कळ गाई आल्या', पण 'पुष्कळ दूध आलं'. 'थोड्या बिया', पण 'थोडी साखर'. मोजायची वस्तू असली, की जीभ आपोआप अनेकवचनाकडे वळते.

मग चुकतं कुठे? जिथे दोन भाषांचं पटत नाही तिथे! आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूला, पावसाळ्यात भात लावला जातो. शेतात तो 'भात', एकवचनी. गिरणीतून आले की 'तांदूळ', अनेकवचनी : तांदूळ निवडले, तांदूळ धुतले. ताटात पडला, की पुन्हा 'भात'! इंग्रजीत मात्र तिन्हीकडे राइस, आणि तिन्हीकडे मच. केसांचंही तसंच. आपण 'केस विंचरले' म्हणतो, इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच हेअर.

सगळ्यात मोठी फसगत पैशांची. नाणेघाटात एक भला मोठा दगडी रांजण आहे. व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. नाणी म्हणजे कॉइन्स, ती मेनी. पण मनी मच! आपला पैसा हे खरोखरचं नाणं होतं, रुपयाचा शंभरावा भाग, म्हणून आपण 'किती पैसे झाले' असं बिनधास्त विचारतो. इंग्रजीत वन मनी, टू मनी म्हणता येत नाही.

न मोजता येणारी गोष्ट मापात घातली, की तीही मोजता येते. मिल्क मच, पण लिटर मेनी. डिंभे धरणातलं वॉटर मच, पण टीएमसी मेनी. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३० कोटी लिटर. बादल्या मोजत बसू नका!)

राहिलं ते चिमुकलं 'अ'. मे महिन्यात कुणी धरणाकडे बघून 'लिटल वॉटर' म्हणालं, तर चेहरा काळजीचा : थोडंच पाणी आहे. 'अ लिटल वॉटर' म्हणालं, तर जरा धीर : थोडं पाणी आहे बरं का. फ्यू आणि अ फ्यू यांचंही तेच, फक्त ते मोजायच्या वस्तूंसाठी. टोमॅटोचे फ्यू क्रेट उरले म्हणजे जवळजवळ संपलेच. अ फ्यू उरले, तर नारायणगावच्या बाजारात आणखी एखादं गिऱ्हाईक खूश. इंग्रजी 'अ' काढून जे सांगते, ते आपण 'च' लावून सांगतो.