बुद्धिमत्ता चाचणीचा सराव म्हणजे नेमकं काय करायचं?

(सोलापुरात स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मित्रांनो, या विषयाचं नावच घाबरवणारं आहे. इतिहासात कमी मार्क पडले तर माणूस म्हणतो, अभ्यास कमी पडला. बुद्धिमत्ता चाचणीत कमी पडले की म्हणतो, आपल्याला डोकंच नाही. आज मला एवढंच सांगायचंय की हा डोक्याचा प्रश्न फार थोडा आहे. तो सवयीचा आहे, आणि सवय कशी लावायची हा खरा विषय आहे.

आधी काय पणाला लागलंय ते बघा. राज्यसेवा पूर्वचा दुसरा पेपर, सी-सॅट. ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. २०२२ पासून तो पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के लागतात, म्हणजे ६६ गुण. ऐकायला सोपं वाटतं. पण पहिल्या पेपरात कितीही चांगले गुण असू द्या, इथे ६५ आले तर वर्ष गेलं. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकलं की त्याचा पाव भाग वजा, म्हणजे ०.६२५. आता हिशोब करा. २७ बरोबर आले तर साडेसदुसष्ट. त्यात दोन चुकले तरी ६६.२५, पास. तिसरं चुकलं की ६५.६२५. बाहेर! निर्णयक्षमतेचे पाच प्रश्न मी या हिशोबात धरलेले नाहीत, त्यांचा नियम वेगळा आहे.

आता सराव. बहुतेक जण काय करतात? रोज एक पेपर सोडवायचा, मार्क मोजायचे, वहीत तारीख टाकून आकडा लिहायचा. पहिल्या काही पेपरांत गुण वाढतात, कारण प्रश्नांचे प्रकार ओळखीचे होतात. मग आकडा तिथेच अडकतो. शंभर पेपर झाले तरी तिथेच. कारण चुकलेल्या प्रश्नाकडे कोणी परत गेलेलंच नसतं.

एक प्रश्न घेऊ. आपल्या चार हुतात्म्यांचे पुतळे तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. येरवड्याला फाशी झाली १२ जानेवारी १९३१ ला. वार कोणता?

पद्धत तुम्हाला माहीत आहे, जादा दिवस मोजायचे. १६०० वर्षांचे शून्य. पुढच्या ३०० वर्षांचे पंधरा, सातने भागून उरला एक. मग १९०१ ते १९३० ही पूर्ण झालेली तीस वर्षं. त्यात लीप वर्षं सात, साधी तेवीस. चौदा अधिक तेवीस, सदतीस. सातने भागून उरले दोन. जानेवारीचे बारा दिवस, उरले पाच. एक, दोन आणि पाच मिळून आठ, म्हणजे एक. शून्य रविवार, एक सोमवार. उत्तर सोमवार.

आता पुष्कळ जण काय करतात, १९३१ दिसलं की एकतीस वर्षं मोजतात. मग एक दिवस जास्त येतो आणि उत्तर मंगळवार निघतं. आणि पर्यायांत मंगळवार असतोच! पेपर काढणाऱ्याला तुमची चूक तुमच्या आधी माहीत असते. म्हणून आपलं उत्तर पर्यायात सापडलं याचा आनंद मानू नका.

वहीत काय लिहायचं? ‘उत्तर सोमवार’ हे नाही. ‘चालू वर्ष पूर्ण धरलं’ एवढंच लिहा. चार दिवसांनी तोच प्रश्न उत्तर झाकून पुन्हा सोडवा, पंधरा दिवसांनी परत. दोनदा बरोबर आला की खोडा. महिन्याभरात दिसेल की आपल्या चुका शंभर प्रकारच्या नाहीत, सात-आठच आहेत, त्याच त्याच फिरून येतात.

नात्यांचे प्रश्न घ्या. ‘फोटोतल्या मुलीकडे बोट दाखवून रमेश म्हणाला, ही माझ्या आजोबांच्या एकुलत्या एका मुलाची मुलगी.’ तुम्ही पटकन म्हणाल, बहीण. वडिलांचे वडील धरले तर बहीणच. पण मराठीत आईचे वडीलही आजोबाच. मग ती मामाची मुलगी झाली, आणि आपल्याकडे मामाच्या मुलीशी आणखी एक नातं जुळू शकतं! (हशा) तेव्हा अशा प्रश्नात आधी पर्याय वाचा. चारांत ‘मामेबहीण’ नसेल तर वाद घालत बसू नका, बहीण लिहा आणि पुढे चला.

पुढे चला, हे फार महत्त्वाचं. ८० प्रश्नांना १२० मिनिटं, म्हणजे दीड मिनिट, आणि त्यातच लांबलचक उतारे वाचायचे. बैठकव्यवस्थेच्या एकाच कोड्यात सहा मिनिटं गेली तर ते सुटूनही तोट्याचं. सोडून द्यायचाही सराव करावा लागतो. घरी घड्याळ लावून बसा आणि मुद्दाम दहा प्रश्न सोडा. सुरुवातीला जिवावर येतं.

पोलीस भरतीवाल्यांचं गणित निराळं आहे. १०० प्रश्न, ९० मिनिटं, किमान ४० टक्के, आणि चुकीला गुण कापत नाहीत. तिथे एकही गोल रिकामा ठेवू नका. सी-सॅटला मात्र दोन पर्याय नक्की खोडता आले तर धाडस करा. उरलेल्या दोघांत सरासरीने फायदा तुमचाच, साधारण ०.९४ गुण. एकही खोडता येत नसेल तर सरासरी फायदा ०.१६ सुद्धा नाही. काठावर असताना त्यासाठी जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही, असं माझं मत.

कोणीतरी विचारलंय, क्लास लावला नाही तर चालेल का. आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका फुकट आहेत, त्या क्लासच्या नोट्सपेक्षा खऱ्या. आणि पाया कच्चा वाटत असेल तर आठवीच्या शिष्यवृत्तीचं बुद्धिमत्तेचं पुस्तक आणा. धाकट्या भावंडाचं असेल घरात. मालिका, सांकेतिक भाषा, दिशा, आरसा, सगळे प्रकार त्यात आहेत. लाज वाटू देऊ नका, दहा दिवसांत संपतं.