चेंडूच्या लहरींमागील हिशेब

ऑनलाइन गोल्फची गोडी ज्यांना लागली आहे, अशा खेळाडूंची एक तक्रार सर्वत्र सारखीच ऐकू येते : क्लब तोच, वारा तोच, चेंडूची जागा तीच, फटक्याचा जोर व अचूकता ठरविणाऱ्या मीटरवरील काटाही ऐन मध्यावर थांबविलेला, आणि तरीही पहिल्या खेपेस होलपासून हातभर अंतरावर विसावलेला चेंडू दुसऱ्या खेपेस वाळूत जाऊन पडतो, तो का? काहींना यात खेळ रचणाऱ्यांचे कपट दिसते, काहींना निव्वळ नशीब. माझ्या मते या दोन्ही कैफियती अपुऱ्या आहेत. पडद्यावरचा चेंडू ज्या सृष्टीत उडतो ती मनुष्यनिर्मित असली, तरी तिला स्वतःचा कायदा आहे; तो कायदा निसर्गाच्या कायद्याशी पुष्कळसा जुळतो, काही ठिकाणी मुद्दाम आणि काही ठिकाणी नाइलाजाने त्याच्याशी फारकत घेतो, आणि चेंडूच्या ज्या लहरी आपणांस खटकतात त्यांचा उगम बहुधा या फारकतीच्या जागीच सापडतो.

प्रथम खऱ्या चेंडूविषयी. गोल्फचा चेंडू नियमाप्रमाणे 45.93 ग्रॅमहून जड आणि 42.67 मिलिमीटरहून लहान व्यासाचा असता कामा नये. एवढीशी ही वस्तू उत्तम खेळाडूच्या फटक्याने सेकंदास सुमारे 70 मीटर वेगाने निघते व दोनशे मीटरांच्या पलीकडे जाते, हे कोडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिंबरो विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांना स्वस्थ बसू देईना. त्यांचा मुलगा फ्रेडी हा त्या काळचा नामांकित हौशी गोल्फपटू. टेट यांनी चेंडूला लांब फीत जोडून, फटक्यानंतर तिला पडलेले पीळ मोजून चेंडूच्या गिरकीचा अदमास घेतला, आणि उलट्या गिरकीमुळेच चेंडू हवेत अधिक काळ तरंगतो हे दाखवून दिले. फिरत्या गोलावर हवेचा असा आडवा जोर पडतो, हे हाइनरिख मॅग्नस यांनी 1852 मध्येच सांगितले होते. नव्या गुळगुळीत चेंडूपेक्षा ओरखडे पडलेला जुना चेंडू दूर जातो, हेही खेळाडूंच्या ध्यानी आले होते. त्या अनुभवाचे पर्यवसान 1905 साली इंग्लंडमध्ये विल्यम टेलर यांनी घेतलेल्या, चेंडूवरील खळग्यांच्या पेटंटात झाले. खळग्यांमुळे हवेचा थर चेंडूला अधिक वेळ बिलगून राहतो, मागील खळबळीचा पट्टा अरुंद होतो आणि रोध जवळजवळ निम्म्याने घटतो.

ही सर्व गुंतागुंत खेळाच्या संगणकात जशीच्या तशी उतरत नाही. 2017 साली आलेल्या ‘गोल्फ क्लॅश’मध्ये वाऱ्याची दुरुस्ती ही बरीचशी सरळ त्रैराशिकाची बाब आहे : वारा दुप्पट झाला की निशाणही जवळजवळ दुपटीने सरकवावे, आणि प्रत्येक क्लबासाठी ते किती, याची कोष्टके खेळाडूंनी अनुभवाने तयार केलेली आहेत. निसर्गात मात्र रोध हा सापेक्ष वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो, शिवाय समोरचा वारा चेंडूला वर उचलून धरतो; म्हणून समोरून येणारा वारा जितके अंतर हिरावतो, तितके पाठीवरचा वारा परत देत नाही. प्रत्यक्ष मैदानावरून आलेला खेळाडू अशा खेळात प्रथम चुकतो त्याचे एक कारण हे. शिवाय येथे चेंडूचे गुणधर्म विकत घेता येतात : ‘गोल्फ क्लॅश’मध्ये वाऱ्याला कमी दाद देणारा चेंडू मिळतो, तर 2008 पासून चाललेल्या ‘वर्ल्ड गोल्फ टूर’मध्ये मीटरचा काटा मंद करणारा. चेंडू बदलल्याने फटका मारणाऱ्याचा काळच मंदावावा, अशी तरतूद निसर्गाच्या कायद्यात कोठेही नाही. तेव्हा फटक्याची तुलना करताना चेंडू कोणता होता, याची नोंद अवश्य हवी.

परंतु याहून मूलगामी फारकत काळाच्या बाबतीत आहे. निसर्गात काळ अखंड वाहतो. संगणक त्याचे तुकडे पाडतो, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी चेंडू कोठे आहे व किती वेगाने जात आहे एवढेच नव्याने मांडतो. या पद्धतीत किती फरक पडतो, हे साध्या उदाहरणाने तपासता येईल. वरून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात 4.9 मीटर खाली येते. हाच हिशेब सेकंदाचे दहा तुकडे करून, प्रत्येक तुकड्यात आधी वेग वाढवून मग अंतर मोजून केला, तर उत्तर 5.39 मीटर येते. क्रम उलटा केला, म्हणजे आधी अंतर व मग वेग घेतला, तर 4.41 मीटर. तुकडे साठ केले की पहिल्या क्रमाचे उत्तर 4.98 मीटरांवर येते. अंतर पुष्कळ मिटले, तरी आठ सेंटिमीटर उरलेच, आणि गोल्फचा होल अवघा 10.8 सेंटिमीटर रुंद असतो! ज्या खेळात तुकड्यांची लांबी यंत्राच्या चपळाईवर सोडलेली असते, त्यात जुन्या मोबाईलवरचा आणि नव्या मोबाईलवरचा चेंडू खरोखरच भिन्न ठिकाणी पडू शकतो. म्हणून जाणते रचनाकार पडदा कितीही अडखळो, गणिताचा तुकडा कायम ठेवतात.

झेंड्याच्या काठीतून चेंडू आरपार जाण्याचा चमत्कारही येथलाच. सेकंदाचा साठावा भाग हा तुकडा धरला, तर 70 मीटर वेगाचा चेंडू एका तुकड्यात 1.17 मीटर पुढे सरकतो. एका मांडणीत तो काठीच्या अलीकडे, दुसऱ्या मांडणीत पलीकडे. मधल्या क्षणाची नोंद संगणकाच्या दप्तरी नाहीच, तर आघात कोठून नोंदला जाणार? यावर उपाय म्हणजे दोन बिंदूंमधील संपूर्ण मार्ग तपासणे. तो महाग असतो, आणि जेथे काटकसर केली जाते तेथे काठी, कुंपण, झाडाची फांदी अकस्मात पोकळ होतात.

आकड्यांचीही एक मर्यादा आहे. एक-तृतीयांश जसा दशांशात पुरा लिहिता येत नाही, तसा एक-दशांश संगणकाच्या द्विमान पद्धतीत पुरा लिहिता येत नाही. शेपूट कोठेतरी छाटावेच लागते. सामान्यतः ही छाटणी नगण्य. पण चेंडू ग्रीनवरील उंचवट्याच्या ऐन माथ्यावर पडला, तर शेवटच्या स्थानचा आकडा त्याला डावीकडे लोटायचे की उजवीकडे, हे ठरवून टाकतो. 1961 साली एडवर्ड लॉरेंझ यांनी हवामानाच्या गणितात 0.506127 ऐवजी 0.506 भरले, तेव्हा थोड्याच काळात त्यांचे हवामान सर्वस्वी निराळे झाले. ग्रीनवरील चेंडूची कथा तीच आहे.

आता मीटर. 1984 च्या ‘निन्टेंडो’च्या गोल्फने रूढ केलेली ही युक्ती : काटा सरकतो, एका दाबाने जोर ठरतो, दुसऱ्याने अचूकता. काटा संपूर्ण पट्टी एका सेकंदात ओलांडत असेल आणि पडदा सेकंदास साठ चित्रे दाखवीत असेल, तर लागोपाठच्या दोन चित्रांत काटा पट्टीच्या साठाव्या भागाइतका उडी मारतो, आणि ऐन मध्याची रेघ कित्येकदा त्याहून अरुंद असते. त्यात बोटाचा दाब यंत्रापर्यंत पोहोचण्यास आणि चित्र पडद्यावर उमटण्यास लागणारा विलंब मिळवा. आपण मध्यावर थांबविलेला काटा हा आपल्या डोळ्यांना दिसलेला काटा असतो. संगणकाने नोंदलेला काटा तेव्हा थोडा पुढे गेलेला असतो. निष्णात खेळाडू ‘काटा रेघेवर येण्याच्या किंचित आधी दाबा’ असे सांगतात, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे.

दूरच्या सर्व्हरला मात्र निष्कारण दोष दिला जातो. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई व लंडन यांमधील सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर, तेव्हा जाऊन-येऊन किमान 72 सहस्रांश सेकंद लागणारच, प्रत्यक्षात अधिकच. बंदुकांच्या खेळात हा विलंब घातक ठरतो. गोल्फमध्ये एकामागून एक खेळावयाचे असते, चेंडू स्थिर असतो. म्हणून काटा खेळाडूच्याच यंत्रावर चालवून, फटक्याचा जोर, दिशा व गिरकी एवढेच आकडे पाठविले तरी भागते.

शेवटी उरते ती हेतुपुरस्सर घातलेली अनिश्चितता. काही खेळांत क्लबाच्या अचूकतेप्रमाणे प्रत्येक फटक्यात अल्पशी यादृच्छिक चूक मिसळली जाते, आणि ती न्याय्यच आहे, कारण माणसाचा हात यंत्राप्रमाणे चालत नाही. पण ही चूक एका फटक्यावरून ओळखता येत नाही; पुष्कळ फटक्यांचे चेंडू कसे पसरले आहेत ते पाहावे लागते.

म्हणून वाचकांना, विशेषतः या खेळात रमणाऱ्या विद्यार्थ्यांना, माझी आग्रहाची विनंती आहे. सरावाचे एकच होल निवडावे, चेंडू व क्लब कायम ठेवावेत, निदान वीस फटके मारून प्रत्येकाचे अंतर वहीत लिहावे. मग केवळ वारा, नंतर केवळ उंची, नंतर केवळ यंत्र, असे एका वेळी एकच कारण बदलावे, आणि पसारा किती व सरासरी किती सरकली हे पाहावे. टेट यांच्यापाशी एक फीत होती. आपल्यापाशी तर अंतर आपोआप मोजून देणारा पडदा आहे. तक्रार नोंदविण्यापूर्वी एवढी वही अवश्य भरावी.