जीव वाचविणारे इंजेक्शन वस्तीपर्यंत केव्हा येणार?

गर्द म्हणजे काय, हे आपल्या वस्त्यांत कोणाला सांगावे लागत नाही. १९८० नंतर या ब्राऊन शुगरने मुंबई-पुण्यातील किती तरी घरे बसविली. त्यातूनच २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांचे मुक्तांगण पुण्यात उभे राहिले. गर्द कशी सोडवावी यावर तेव्हापासून पुष्कळ लिहिले गेले. पण नशा जास्त झालेल्या मुलाचा श्वास थांबत आला तर घरच्यांनी काय करावे, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. आम्ही आज तेवढ्याच प्रश्नावर लिहीत आहोत.

गर्द, अफू, मॉर्फिन, कोडीनचे खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलच्या गोळ्या ही सारी एकाच जातीची द्रव्ये. मात्रा जास्त झाली की मेंदू श्वास घेण्याची आज्ञाच द्यायचे विसरतो. माणूस हलवून उठत नाही, घोरल्यासारखा घरघर आवाज येतो, ओठ व नखे निळी पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. "झोपलाय, झोपू द्या" असे म्हणून पांघरूण घातले जाते आणि सकाळी रडारड होते.

यावर उतारा आहे. त्याचे नाव नॅलोक्सोन. १९६१ मध्ये अमेरिकेत शोध लागला, १९७१ मध्ये तेथे मान्यता मिळाली. मेंदूत ज्या जागी गर्द जाऊन बसते तेथून हे औषध तिला हुसकावून लावते आणि दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ लागतो. याची नशा होत नाही, सवय लागत नाही. ज्याने गर्द घेतलेली नाही त्याला चुकून दिले तरी सहसा अपाय होत नाही. मात्र दारू, झोपेच्या गोळ्या किंवा सध्या नागपुरात ज्याची चर्चा आहे त्या एमडीवर ते चालत नाही, हेही सांगून ठेवतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे पहिला प्रश्न किमतीचा. अमेरिकेत २०२३ पासून नॅलोक्सोनचा नाकात मारावयाचा फवारा चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतो. दोन फवाऱ्यांचे सुमारे ४५ डॉलर, म्हणजे आपले साडेतीन हजारांवर रुपये. आपल्याकडे नॅलोक्सोनचे इंजेक्शन सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे आणि एक अॅम्प्यूल त्या फवाऱ्याच्या मानाने किरकोळ खर्चाची आहे. म्हणजे आपली अडचण पैशाची नव्हे. आमच्या भागातील चार-पाच औषध दुकानांत आम्ही चौकशी केली. एकाने नाव दोनदा विचारले, दुसरा म्हणाला, "ते ऑपरेशन थिएटरला लागते, इकडे कोण मागणार?" मोठ्या दवाखान्यात औषध आहे, श्वास मात्र घरात, नाल्याकाठी, रेल्वेच्या पुलाखाली थांबतो.

हे औषध शोधणाऱ्यांपैकी एक शास्त्रज्ञ जॅक फिशमन. त्यांचा सावत्र मुलगा २००३ मध्ये हेरॉइनच्या अतिमात्रेनेच गेला. औषध जगात असणे वेगळे आणि वेळेवर हाताशी असणे वेगळे.

म्हणूनच शिकागोतील कार्यकर्त्यांनी १९९६ पासून हे औषध थेट नशा करणाऱ्यांच्या हाती द्यावयास सुरुवात केली. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की घरचे, मित्र, शेजारी, जे कोणी समोर असण्याची शक्यता आहे त्यांना हे औषध व ते वापरण्याचे शिक्षण मिळावे. पुढे कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान व युक्रेन येथे चौदा हजारांवर साध्या माणसांना ते शिकविले गेले आणि त्यांनी ते वापरून जीव वाचविले. मणिपूरच्या स्वयंसेवी संस्थांनीही ते वस्तीपर्यंत नेले. मणिपुरी बाईला जे जमते ते नागपूरच्या बाईला का जमू नये? आपल्या भगिनी इन्सुलिनची सुई टोचतातच ना?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीनुसार देशात सुमारे सव्वादोन कोटी लोक अफूच्या जातीची द्रव्ये घेतात, आणि त्यांत अडचणीत सापडलेल्यांची संख्या जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आहे. पण आपल्याकडे लाज आडवी येते. पाचवे शील घेतलेल्या घरात पोरगा गर्द पितो हे विहारात कसे सांगायचे? मग दार लावून घेतले जाते. दुसरी भीती पोलिसांची. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम ६४-अ आहे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा लागलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेण्यास तयार झाला तर त्याला त्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मदतीला बोलावणाऱ्या मित्राला मात्र आपल्या कायद्यात तसे स्पष्ट संरक्षण नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी ते दिले आहे.

सर्वांत मोठा धोका व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून परतलेल्या मुलाला असतो. शरीराची सवय मोडलेली असते, आणि तो पूर्वीइतकीच मात्रा घेतो. तेव्हा आमची मागणी अशी : केंद्रातून घरी सोडताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर नॅलोक्सोन लिहून द्यावे, सोबत सुई द्यावी आणि आई-बापाला किंवा भावाला अर्धा तास शिकवावे. महापालिकेच्या दवाखान्यांत ते ठेवावे. वस्तीतील मंडळांनी मेडिकल-मेयोच्या डॉक्टरांना बोलावून महिलांसाठी एक वर्ग घ्यावा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा केंद्र सरकारचा विनामूल्य फोन आहे.

ते होईपर्यंत एवढे करा. मुलाला जोराने हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने चोळा. उठत नसेल तर १०८ ला फोन करा आणि काय घेतले आहे ते खरे सांगा. श्वास मंद असेल तर डोके मागे करून, नाक दाबून, तोंडाने दर पाच सेकंदांनी एक श्वास द्या. श्वास येऊ लागला की कुशीवर वळवा. पाणी पाजू नका, मीठ-लिंबू देऊ नका, एकटे सोडू नका. नॅलोक्सोन दिल्यावर तो शुद्धीवर येऊन चिडेल, घरी जातो म्हणेल. जाऊ देऊ नका. या औषधाचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, अंगातली गर्द त्याहून जास्त वेळ टिकू शकते आणि श्वास पुन्हा थांबू शकतो, म्हणून त्याला दवाखान्यात नेलेच पाहिजे.