सुसंगत क्ष-किरण आणि काचेतील अणूंची हालचाल

स्फटिकातून जाताना क्ष-किरणांचे विवर्तन होते, हे १९१२ मध्ये म्युनिक येथे मॅक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून झालेल्या प्रयोगाने सिद्ध झाले आणि तेव्हापासून पदार्थातील अणू कोठे बसलेले आहेत, हे सांगण्याचे काम मुख्यतः या किरणांकडे आले. ते अणू एका जागी किती वेळ टिकतात व तेथून केव्हा हलतात, या प्रश्नाचे उत्तर मात्र नेहमीच्या विवर्तनातून सहसा मिळत नाही. कारण त्यात नमुन्याच्या असंख्य लहान भागांतून आलेल्या तीव्रता एकमेकींत मिसळतात आणि हाती केवळ सरासरी उरते. द्रवाचे असे चित्र काही वेळाच्या अंतराने दोनदा घेतले, तर दरम्यान आतील प्रत्येक अणूने जागा सोडलेली असूनही दोन्ही चित्रे एकसारखी येतात.

ही सरासरी टाळण्याचा उपाय सुसंगत किरणांत आहे. ज्या शलाकेतील तरंगांचे उंचवटे आणि खळगे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत परस्परांशी ठरावीक नाते राखून चालतात, ती शलाका सुसंगत होय. लेसरचा प्रकाश हे तिचे परिचित उदाहरण. खडबडीत भिंतीवर लेसरचा झोत पाडला असता जे दाणेदार, चमचमणारे ठिपके दिसतात, ते भिंतीच्या निरनिराळ्या बिंदूंवरून परतलेल्या तरंगांच्या बेरीज-वजाबाकीतून उमटतात. सुसंगत क्ष-किरण पदार्थातील अणूंवरून विखुरले की शोधकयंत्रावर असेच ठिपके पडतात, आणि त्यांची नक्षी त्या क्षणीच्या अणूंच्या नेमक्या मांडणीवर अवलंबून असल्यामुळे मांडणी बदलताच तीही बदलते. ठिपक्यांवरून अणूची जागा थेट वाचता येत नाही, परंतु मांडणी किती वेगाने बदलते आहे हे निश्चित कळते, आणि या पद्धतीला तेवढेच हवे असते.

तिचे पूर्ण नाव ‘क्ष-किरण फोटॉन सहसंबंध वर्णपटमिती’ असे भारदस्त असले, तरी कृती साधी आहे. ठिपक्यांची चित्रे एकामागून एक टिपायची, प्रत्येक चित्राची काही काळानंतरच्या चित्राशी तुलना करायची आणि त्यांतील साम्य, म्हणजेच सहसंबंध, किती काळात ओसरतो ते मोजायचे. या काळाला शिथिलनकाल म्हणतात. शोधकयंत्र लहान कोनात ठेवले तर शेकडो नॅनोमीटर अंतरावरील हालचाल हाती लागते, मोठ्या कोनात ठेवले तर शेजारच्या दोन अणूंमधील अंतराइतकी. दृश्य प्रकाशाच्या लेसरने हे मापन १९६० च्या दशकापासून होत आले आहे. परंतु त्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असल्याने तो अणूंच्या पातळीवर पोहोचत नाही आणि अपारदर्शक पदार्थांपुढे त्याचा इलाज चालत नाही. क्ष-किरणांची तरंगलांबी ०.१ नॅनोमीटरच्या आसपास असते.

अडचण होती ती सुसंगत क्ष-किरण मिळवण्याची. सिंक्रोट्रॉनमध्ये जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन चुंबकांच्या साहाय्याने वळवले जातात आणि वळताना ते क्ष-किरण फेकतात. मात्र प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या परीने किरण सोडत असल्याने हा प्रकाश लेसरसारखा आपोआप सुसंगत नसतो. काही मायक्रोमीटर रुंदीच्या छिद्रातून शलाका गाळून तिचा अल्प सुसंगत भाग वेगळा काढावा लागतो. शेकडो मीटर परिघाचे यंत्र उभारून त्यातला बहुतेक प्रकाश अखेर टाकून द्यायचा, हा व्यवहार वरकरणी आतबट्ट्याचा वाटतो. पण मार्क सटन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेव्हन येथील सिंक्रोट्रॉनवर तांबे व सोने यांच्या मिश्रधातूपासून असे ठिपके मिळवून तो परवडतो हे दाखवले. त्यानंतर थोड्याच वर्षांत ग्लिसरीनमध्ये तरंगणाऱ्या सोन्याच्या सूक्ष्म कणांची ब्राउनीय गती याच मार्गाने मोजली गेली.

या पद्धतीने खरी खळबळ उडवली ती काचेच्या अभ्यासात. वितळलेला पदार्थ स्फटिक न बनता गोठला की काच तयार होते. तिच्यातील अणू द्रवासारखेच अस्ताव्यस्त असतात आणि फार हळू सरकतात, इतके हळू की गोठणबिंदूच्या बरेच खाली ते जागचे हलत नाहीत, असे व्यवहारात धरले जाई. बिआत्रिचे रुता आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मॅग्नेशियम, तांबे व यिट्रियम यांच्या धातुकाचेवर, म्हणजे स्फटिकरचना नसलेल्या मिश्रधातूवर, केलेली मापने प्रसिद्ध केली, तेव्हा गोठलेल्या अवस्थेतही अणूंची मांडणी अपेक्षेपेक्षा पुष्कळ लवकर बदलत असल्याचे आढळले. सहसंबंध ओसरण्याची रीतही द्रवाहून वेगळी होती, आणि त्यावरून गोठताना आत अडकून पडलेले ताण हळूहळू मोकळे होत असावेत, असा अर्थ लावला गेला. पुढे सिलिकेट काचेतही काही मिनिटांत पुनर्रचना होताना दिसली, आणि हे मात्र संशय यावा इतके जलद होते.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी तो संशय खरा ठरवला. सिलिका आणि जर्मेनिया यांच्या काचांवर पडणाऱ्या शलाकेची तीव्रता कमी केली की अणूंची हालचालही मंदावत होती. म्हणजे त्या काचांत अणूंना हलवणारे, निदान बऱ्याच अंशी, खुद्द क्ष-किरणच होते. धातुकाचेत तीव्रतेचा असा प्रभाव आढळला नाही, त्यामुळे तेथील निष्कर्ष टिकून राहिले. या कसोटीला पहिल्या शोधाहून कमी महत्त्व देता येणार नाही, कारण मोजण्याचे साधन मोजायच्या वस्तूत ढवळाढवळ करते की नाही, हे तिच्यामुळेच प्रत्येक पदार्थासाठी स्वतंत्रपणे तपासले जाऊ लागले.

ग्रनोबल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉनचे ८४४ मीटर परिघाचे वलय नव्याने बांधून २०२० मध्ये संशोधकांसाठी खुले झाल्यापासून हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. अशा वलयात इलेक्ट्रॉनांचा झोत अतिशय बारीक केलेला असतो, त्यामुळे सुसंगत भाग वाढतो. आणि तो शंभरपट वाढला तर, गणिताप्रमाणे, दहा हजारपट जलद हालचाल मोजता येते. परंतु त्याच प्रमाणात नमुन्यावर पडणारी ऊर्जाही वाढते. म्हणून मऊ पदार्थ व प्रथिनांची द्रावणे तपासताना शलाका मुद्दाम क्षीण केली जाते, नमुना सतत सरकवून दर वेळी त्याचा न वापरलेला भाग पुढे आणला जातो आणि निरनिराळ्या तीव्रतांवर तेच मापन पुन्हा करून आकडे जुळतात का, हे पाहिले जाते.