नर्स व्हायला चार वर्षे का लागतात?



पाड्यावरच्या मुलींच्या नर्सिंग शिक्षणाला हातभार लावणाऱ्या मंडळ्यांमधून एक प्रश्न हमखास येतो. तालुक्याच्या गावी सहा महिन्यांत 'नर्सिंग' शिकवणारे वर्ग असताना चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगवर एवढा खर्च कशाला? पाड्यावर काम करायला एवढे शिक्षण लागते का? प्रश्न प्रामाणिक आहे आणि उत्तरही सरळ आहे. पाड्यावर काम करणाऱ्या नर्सला शहरातल्या नर्सपेक्षा कमी नव्हे, उलट जास्तच तयारी लागते.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नर्सच्या हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतो. मेळघाटात, अक्राणीत किंवा भामरागडच्या बाजूला रात्री उपकेंद्रावर पुष्कळदा ती एकटीच असते. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसेल, तर निर्णयाला काही मिनिटेच मिळतात. साप चावलेला माणूस आला, तर त्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे. गोठले नाही, तर विष रक्तावर काम करत आहे हे कळते. गोठले तरी निर्धास्त राहता येत नाही. नाग-मण्यारीचे विष मज्जासंस्थेवर जाते, म्हणून पापण्या जड होतात का, श्वास अडतो का, हे पाहत राहावे लागते. सिकलसेल असलेले मूल ताप घेऊन आले, तर 'साधा ताप' म्हणून गोळी देऊन परत पाठवता येत नाही. हे सारे इंजेक्शन टोचायला शिकण्याच्या पलीकडचे आहे.

म्हणूनच या शिक्षणाला ठरलेली मानके आहेत. भारतात नर्सिंगचे पदवी शिक्षण १९४६ साली वेल्लोर आणि दिल्ली येथे सुरू झाले. वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी नर्सिंगची शाळा १९०९ मध्येच काढली होती. पुढे १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली आणि देशभर एकसारखा अभ्यासक्रम ठेवण्याचे काम तिच्याकडे आले. २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिशास्त्र आयोगाचा नवा कायदाही झाला आहे.

बी.एस्सी. नर्सिंगला बारावी विज्ञान शाखेतून, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन उत्तीर्ण व्हावे लागते. खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण हवेत. एकूण आठ सत्रे असतात. प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. प्रात्यक्षिकाची हजेरी तर पदवी मिळण्यापूर्वी पूर्ण १०० टक्के भरून द्यावी लागते. मुलगी आजारी पडली किंवा घरी काही कारण झाले, तरी वॉर्डातले बुडलेले दिवस तिला नंतर भरावेच लागतात. काहींना हा नियम कठोर वाटतो. पण ज्या दिवशी ती गैरहजर होती, त्याच दिवशी शिकायची गोष्ट पुढे एखाद्या बाळंतिणीला हवी असेल, हा त्यामागचा विचार आहे.

मानकांबरोबर परंपराही येतात. पहिल्या वर्षाच्या मुली हातात दिवा घेऊन शपथ घेतात, तो सोहळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. दिवा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या आठवणीचा. क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात त्या रात्री दिवा घेऊन फेरी मारत. मात्र त्यांचा मोठा वारसा १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झालेली शाळा आणि मृत्यूंची नेटकी आकडेवारी ठेवण्याची शिस्त हा आहे. 'नाइटिंगेल शपथ' त्यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉईट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने तयार केली आणि नाइटिंगेल यांच्या सन्मानार्थ तिला ते नाव दिले.

या शपथेत रुग्णाचे गुपित राखण्याचे वचन आहे. पाड्यावर त्याचे मोल फार मोठे. एखाद्या मुलीच्या रक्तात सिकलसेलचा वाहक गुण आढळला आणि नर्सच्या तोंडून ती गोष्ट बाहेर पडली, तर ठरलेले लग्न मोडू शकते. मग दुसरी कोणी तपासणीलाच येणार नाही. दिव्याचा सोहळा एका संध्याकाळी संपतो, पण हे वचन नोकरीभर पाळायचे असते.

आपल्या मुलींना यात एक अडचण जास्त येते. घरी पावरी, भिली किंवा माडिया, आश्रमशाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी, असा त्यांचा प्रवास असतो. पहिल्या वर्षी नापास होण्यामागे बुद्धीपेक्षा भाषाच अनेकदा आडवी येते. पण तीच मुलगी पदवी घेऊन परतली, की आजीबाईला 'कुठे दुखतं?' हे तिच्याच बोलीत विचारू शकते. म्हणून मानक खाली आणण्यापेक्षा पहिल्या वर्षी इंग्रजीची शिकवणी देणे जास्त उपयोगाचे.

आता त्या सहा महिन्यांच्या वर्गांविषयी. काही वर्ग रुग्णसेवेत मदतनीस तयार करतात आणि ते कामही प्रतिष्ठेचे आहे. पण त्या प्रमाणपत्रावर कोणाची नर्स म्हणून नोंदणी होत नाही. त्यासाठी दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांची बी.एस्सी. हेच मार्ग आहेत. जीएनएम झालेली मुलगी पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवी घेऊ शकते, त्यामुळे बारावीला विज्ञान नसलेल्या मुलीनेही आशा सोडू नये. पैसे भरण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? मुली कोणत्या रुग्णालयात प्रात्यक्षिक करतात? शिक्षण संपल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदता येते का? उत्तर टाळले गेले, तर पैसे देऊ नयेत. शेत गहाण ठेवून भरलेली फी परत मिळणे फार अवघड.

आपल्या मंडळीतून कोणी एखाद्या मुलीचे शिक्षण उचलले असेल, तर शेवटच्या परीक्षेपाशी थांबू नये. नोंदणीची फी, मुंबईला जाण्या-येण्याचा खर्च आणि कागदपत्रांची धावपळ तिथून पुढे सुरू होते. नाव नोंदले गेले, की ती कायद्याने नर्स झाली. मग उपकेंद्रावर मध्यरात्री दार वाजले, तरी ते उघडणारी काय करायचे हे जाणणारी असेल.