शेजारी कोण उभे होते, हे फोनला कळते तेव्हा

केंद्र सरकारने २ एप्रिल २०२० रोजी कोरोनाबाधितांचे संपर्क शोधण्यासाठी ‘आरोग्य सेतू’ ॲप आणले. मुंबईच्या दादर स्थानकात हे ॲप असलेले दोन फोन जवळ आले की ब्लूटूथवरून एकमेकांचे ओळखक्रमांक टिपत. सोबत जीपीएसने ठिकाणही नोंदले जाई. हे क्रमांक सरकारी सर्व्हरने दिलेले आणि मोबाइल क्रमांकाशी जोडलेले. म्हणजे बाधिताच्या फोनमधल्या नोंदी सर्व्हरवर गेल्या, की तो कोणाला कुठे भेटला हे तिथे उलगडे.

त्याच महिन्यात ॲपल-गूगलने वेगळी रचना जाहीर केली. तीत फोन स्वतःच रोज एक गुप्त किल्ली बनवी. तिच्यापासून एईएस या कूटलेखन पद्धतीने काढलेला ओळखक्रमांक १०-२० मिनिटांनी बदले. लालबागहून दादरला चालत जाईपर्यंत पहिला क्रमांक बाद. बाधिताने संमती दिली तर फक्त किल्ल्या प्रसिद्ध होत आणि टिपलेल्या क्रमांकांशी त्यांची जुळणी प्रत्येकाच्या फोनमध्येच होई. ठिकाण कुठेच नोंदले जात नसे.

खासगीपणासाठी हीच रचना सरस, यात मला शंका नाही. पण तिची किंमतही खरी होती: परळच्या कोणत्या चाळीत रुग्ण वाढताहेत, हे पालिकेला तिच्यातून कळले नसते.